दोन मिनिटं

खडेबाजारात माझं दुकान म्हणजे
दीड हात काउंटर, एक भिंग, एक बल्ब,
आणि दाराशीच खांबाला ठोकलेली ती गोल पाटी:
एक पी, त्याच्यावर तिरकी लाल रेघ,
खाली बारीक, सम तारखेस.
एकतीस वर्षं घड्याळं उघडालोय मी.
दोन मिनिटं म्हणजे किती, मला विचारा.

"दोनच मिनिटं हां मामा, बघा जरा गाडीकडं,"
म्हणून गेलेला मुचंडीकरांचा परशराम
साखरपुड्याची साडी घेऊन परत येईस्तोवर
मी एका जुन्या एचएमटीचं अख्खं पोट साफ केलो,
तेल घातलो, झाकण लावलो,
आणि ती मागं पडते का, ते बघत बसलो.
पडली नाही.

कारणं माणसागणिक नसतात, गाडीगणिक असतात.
स्प्लेंडरवाला म्हणतो, ही काय गाडी हाय व्हय, सायकलच की.
कोल्हापूरची नऊ नंबरवाली म्हणते, आम्ही पाव्हणे.
इनोव्हा काचच खाली घेत नाही;
आत ड्रायव्हर बसलाय, म्हणजे ते लावणं नव्हे,
थांबणं.
आणि आपली केए बावीस?
"आजोबांपासून इथंच लावतोय आम्ही."
आजोबांची बैलगाडी होती, बाबा.
बैलाला नुसतं हॅक म्हटलं तरी हलायचा.

महिन्यातून कधीतरी एकतीस येते, पाठोपाठ एक.
दोन्ही विषम.
दोन्ही दिवस बंदी समोरच्या बाजूला.
समोर भांड्यांच्या दुकानापुढं मग भांडण लागतं:
"काल बंदी होती, म्हणजे आज मोकळं. न्यायच हाय तो!"
पंचांगावर असा वाद घालताना
मी कुणाला बघितलो नाही.

नवीन पोलीस बाई आल्या, शिवलीला.
"गाडी तगीरी," म्हणाल्या.
सांबरेकर वकील कोटाची बटणं लावत म्हणाले,
"कन्नड बरल्ल, मॅडम."
इतकं स्वच्छ म्हणाले, की धारवाडात मार्क पडले असते.
बाईंनी पावतीपुस्तक उघडलं,
आणि निपाणीच्या ठसक्यात म्हणाल्या,
"बरं, मग मराठीत भरा. पाचशे."

दुपारी बैलहोंगलचा एकजण
त्याच पाटीखाली उभा राहून सांगत होता,
त्याला मराठी कळत नाही.
पाटीवर काय, एक पी आणि एक रेघ.
खरं, ज्याला वाचायचीच नसते
त्याला पाटी कायम पलीकडच्या भाषेतली दिसते.

एकदा एक माणूस, राखी सफारीतला,
"दोन मिनिटं" म्हणून गेला
आणि एक मिनिट पन्नास सेकंदांत परत आला.
मी भिंग काढून त्याच्याकडं बघितलो.
तो ओशाळला.
"दुकान बंद हुतं," म्हणाला.

आता माझं सांगतो, कारण कुणी विचारणार नाही.
परवा तिलकवाडीत, एका रिटायर्ड मास्तरांचं
भिंतीवरचं घड्याळ पोचवायला गेलो.
स्कूटर लावलो शेजारच्या फाटकापुढं, आडवीच.
सावली होती. ऊन फार होतं. घड्याळ जड होतं.
बघा, तीन झाली की.
आतून एक पोरगी सायकल घेऊन आली,
पाठीला दप्तर, केसांना तेल.
"काका, गाडी काढा की. क्लास हाय."
माझ्या तोंडातून निघालं, आपोआप,
चावी दिलेल्या खेळण्यासारखं:
"दोन मिनिटं, बाळ."

तिनं माझ्या काखेतल्या घड्याळाकडं बघितलं.
चालत होतं ते. मीच लावलेलं, अगदी बरोबर.
चारला सात कमी.
ती फाटकाला टेकून उभी राहिली.

मी घड्याळ घेऊन जिना चढलो.
तिच्याकडं मोजायला
काहीच ठेवलो नाही.